होणार, होणार म्हणतात ते जहाज

नवी विमानवाहू नौका होणार, ही बातमी मी नोकरीला लागल्यापासून वाचतो आहे. मधल्या काळात आपण परदेशातली वापरलेली जहाजं आणून चालवली, एक घरचंही बांधलं. त्या घरच्याचा मला अभिमान आहे आणि ते बांधायला किती काळ लागला तेही मला ठाऊक आहे. पण बातमी नेहमी त्याच्या पुढच्या जहाजाची असते. ते आधीच्यापेक्षा मोठं असतं, त्यावर जास्त विमानं असतात, आणि ते कधी होणार या प्रश्नाला 'लवकरच' असं उत्तर असतं. अशी बातमी आली की मी पान उलटतो आणि शब्दकोड्याकडे वळतो.

गेल्या हिवाळ्यात मात्र मला असं वळता आलं नाही. माझ्या मुलीच्या मुलीने, म्हणजे नातीने, मला समोर बसवून विचारलं की ते जहाज होईल का. मी हो म्हटलं असतं तर ती दिल्लीतच नोकरी धरून माझ्या घरी राहायला येणार होती. नाही म्हटलं असतं तर ती परदेशी जाणार होती. बायको गेल्यापासून दिल्लीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये मी एकटा आहे, आणि संध्याकाळी कुलूप उघडून आत येताना घरात दिवा लागलेला असावा असं मला फार वाटतं. म्हणजे 'हो' म्हणायला माझ्याकडे कारण भरपूर होतं. फक्त ते जहाजाशी संबंधित नव्हतं.

मी नौदलाच्या जहाजांची ड्रॉइंग काढण्यात जन्म घालवला, तोही समुद्रापासून शेकडो कोस दूर, दिल्लीत बसून. गणवेशातला नव्हे, साधा नागरी नोकर. मूळचा जालन्याचा. आमच्याकडे पाणी म्हणजे मोतीतलाव. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो मुलगी बघायला हर्णैला गेलो तेव्हा, आणि मुलीपेक्षा समुद्राकडेच जास्त बघत बसलो. ते तिने आयुष्यभर ऐकवलं. आल्या-गेल्याला ती सांगायची, "आमच्या ह्यांना होडीत बसवलंत तर पोटात ढवळतं, आणि हे सरकारला जहाजं काढून देतात."

तोफा, रडार, इंजिनं यांच्याशी माझा संबंध नव्हता. माझ्या वाट्याला आली ती जहाजाच्या पोटातली घरगुती बाजू. बोळ, जिने, दारं, झोपायच्या जागा, भांडी घासायची मोरी. हजारभर माणसं महिनोन्महिने लोखंडाच्या डब्यात राहणार, त्यांनी कुठून यायचं आणि कुठून जायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते मी ठरवायचो. म्हणजे मी सुचवायचो आणि ठरवायचे दुसरेच.

तेव्हा आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पण वर मोठी गच्ची. एका नव्या मोठ्या जहाजाचं काम तेव्हा आमच्याकडे आलं होतं आणि एका बोळाच्या वळणाने मला छळलं होतं. कागदावर ते ठीक दिसत होतं. पण दोन माणसं स्ट्रेचरवर जखमी माणूस घेऊन त्या वळणावरून धावत गेली तर वळतील का, याची मला खात्री होईना. ऑफिसात विचारलं तर साहेब म्हणाले की नियमात बसतंय ना, मग झालं. माझं समाधान झालं नाही. ड्रॉइंग घरी आणायला बंदी होती आणि मी कधी आणलंही नाही, पण बोळाची रुंदी काही राष्ट्राचं गुपित नव्हे. रविवारी सकाळी मी गच्चीवर खडूने तो बोळ खऱ्या मापाने आखला. भिंतींच्या जागी शेजाऱ्यांच्या खाटा उभ्या केल्या. दोन बांबूंना चादर बांधून स्ट्रेचर केलं, त्यावर माझ्या मुलीला झोपवलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला पदर खोचून बायको.

वळणावर बांबू अडकला. मुलगी हसून हसून खाली पडायच्या बेतात. मी बायकोला म्हटलं, तू जरा उजवीकडे दाबून घे. ती म्हणाली, "उजवीकडे तुमची भिंत आहे, तिच्यातून जाऊ का?" तेवढ्यात शेजारच्या पंजाबी काकू कपडे वाळत घालायला वर आल्या. चादरीत झोपलेली पोर बघून त्यांच्या हातातली बादलीच पडली. त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत निम्मी कॉलनी वर जमली, आणि मग प्रत्येकाला स्ट्रेचर धरून बघायचं होतं. पोस्टातले एक मद्रासी बाबू फारच हौशी. त्यांनी स्वतः जखमी व्हायची तयारी दाखवली, आणि त्यांचं वजन बघून सगळे मागे सरले. त्या दिवशी आमच्याकडे कांदेपोह्यांचं पातेलं दोनदा चढलं.

तो कोपरा छाटून घ्यायला हवा हे मी सोमवारी लिहून दिलं. पाठपुरावा केला, चेष्टा सोसली आणि अखेर बदल मंजूर करून घेतला. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोने गोडाचा शिरा केला. इतका आनंद मला बढतीचाही झाला नव्हता.

त्या जहाजाचं पुढे काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. आधी ते मोठं करायचं ठरलं, मग त्याहून मोठं. मग कुणीतरी म्हणालं की याला लागणारी विमानं कुठे आहेत. मग पाणबुड्या आधी घ्याव्यात की जहाज, यावर चर्चा सुरू झाली. मग पैसा नाही म्हणून ते लहान झालं. प्रत्येक वेळी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बदलाचं पुढचं अक्षर पडायचं, आणि एक दिवस सगळी एबीसीडी संपून आम्ही पुन्हा पहिल्यापासून दोन-दोन अक्षरं टाकायला लागलो. त्या काळात ऑफिसात दोन साहेबांचं कडाक्याचं भांडण झालं. अधिकाऱ्यांची जेवणाची खोली उजव्या बाजूला असावी की डाव्या, एवढाच मुद्दा. मी घरी येऊन तावातावाने सांगत होतो तर बायको चपाती लाटता लाटता म्हणाली, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी." पुढे ते जहाज फायलीत गेलं, आणि माझा छाटलेला कोपराही त्याच्याबरोबर गेला.

मी असं लिहितो म्हणजे मला जहाजांचं वावडं आहे असं कुणी समजू नये. माझं काम ज्यात उतरलं अशा एका लहानशा युद्धनौकेवर मला एकदा पाठवलं होतं. गोदीत पोचलो, आत शिरलो आणि दहा मिनिटांत हरवलो. त्याचं कारण आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. आमच्या ड्रॉइंगमध्ये जहाजाचं तोंड नेहमी कागदाच्या उजव्या हाताला असतं. वर्षानुवर्षं तसंच बघून माझ्या डोक्यात ते जहाज कायमचं उजवीकडे निघालेलं होतं. मी एका जिन्याने खाली उतरलो तो मागच्या बाजूकडे तोंड करून, आणि सगळ्या खोल्या उलट्या झाल्या. स्वयंपाकघर समजून ज्या दारातून गेलो तिथे खलाशी दाढी करत होते. मी त्यांना म्हणालो की इथे स्वयंपाकघर असायला हवं, मीच काढलंय. ते कितीतरी वेळ हसत होते. मग एकाने हाताला धरून मला वर आणून सोडलं. पण त्या बोळांतून मी चाललो तेव्हा भिंतीला हात लावला, आणि ती थंडगार लोखंडी होती, कागदाची नव्हती. मला रडू आलं, ते मी ऑइलच्या वासावर ढकललं.

निवृत्तीनंतर आम्ही द्वारकेत आलो. विमानतळ जवळ, आणि बायकोला विमानांचा आवाज आवडायचा नाही, पण फ्लॅटमध्ये उजेड भरपूर म्हणून ती राजी झाली. आता ती नाही. मुलगी आणि जावई गाझियाबादला, वैशालीत. मेट्रोच्या ब्लू लाइनचं एक टोक त्यांच्याकडे आणि दुसरं माझ्याकडे, त्यामुळे झोप लागली तरी उतरायचं स्टेशन चुकत नाही, असा आमच्याकडे विनोद आहे.

नातीला जहाजांचं वेड लागलं ते त्या गच्चीवरच्या गोष्टीमुळे. तिच्या आईने तिला ती इतक्यांदा सांगितली होती की आपणच त्या चादरीत झोपलो होतो असं पोरीला वाटायचं. तिने दक्षिणेत जाऊन जहाजबांधणीचं शिक्षण घेतलं. दिल्लीत वाढल्यामुळे मराठी निम्मीअर्धी, पण जहाजाच्या गोष्टी माझ्याशी मराठीतच बोलायचा तिचा हट्ट. शिकून आल्यावर तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक इथलंच, डिझाइनचं काम, आणि नव्या विमानवाहू जहाजाच्या चमूत घेऊ असं तोंडी सांगितलेलं. ऑफिस आमच्या बाजूला, म्हणजे ती माझ्याकडेच राहणार. दुसरं कोरियातल्या एका कारखान्याचं. तिथे मालवाहू जहाजं बांधतात, नुसती बोलत नाहीत.

पोरीचं मन इथे होतं. एका शनिवारी येऊन तिने मागच्या खोलीचं माप घेतलं. टेबल खिडकीशी हवं म्हणाली. जुना पलंग हलवताना आम्ही दोघांनी एकमेकांना इतक्या सूचना दिल्या की मधेच थांबून दोघंही हसलो. ती गेल्यावर मी बाजारातून पडदे आणले, पिवळे, कारण तिने सहज बोलता बोलता पिवळ्याचं नाव घेतलं होतं. शिवाय डब्यात भाजणी आहे का ते पाहिलं. आठवड्यातून दोनदा थालीपीठ, एकदा वरण-भात, असा माझा मनातल्या मनात बेतही झाला. मी इतका खुळा होईन असं मला वाटलं नव्हतं.

मुलीचा फोन आला. ती म्हणाली, बाबा, ती उद्या तुमच्याकडे येतेय, जहाजाचं विचारेल. मी म्हटलं, विचारू दे. थोडा वेळ ती इकडचं तिकडचं बोलली आणि मग मुद्द्यावर आली. "तुम्ही फक्त हो म्हणा. प्लीज. ती तुमचंच ऐकते. आणि खोटं कुठे आहे त्यात? कभी ना कभी होईलच ना."

कधी ना कधी. आमच्या ऑफिसात हा शब्द शाईपेक्षा जास्त खपायचा. पण मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. एक जहाज आपण बांधून दाखवलं होतं. दुसरंही बांधू शकू. मी स्वतःशीच वकिली करत बसलो. आताचं सरकार वेगळं, आताचे कारखाने वेगळे, आता कॉम्प्युटर आले, मी जुन्या जमान्याचा किरकिऱ्या म्हातारा. मग पेपर उघडला. पुढचं जहाज आधीच्यासारखंच असावं की खूप मोठं, अणुशक्तीवर चालावं की कसं, त्यापेक्षा पाणबुड्या बऱ्या की काय, ड्रोनच्या जमान्यात एवढं मोठं धूड समुद्रात मिरवावं का, अशी सगळी चर्चा त्यात होती. यातला एकही मुद्दा मला नवा नव्हता. ड्रोन तेवढे नवे. ये रे माझ्या मागल्या, असं मी मोठ्याने म्हणालो, आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बाल्कनीत उन्हाला बसलो. दिल्लीतल्या थंडीत मटार सोलणं हे काम नसतं, बसायचं निमित्त असतं. नात सोलत कमी होती आणि खात जास्त होती. बऱ्याच वेळाने तिने ताट बाजूला ठेवलं.

"आबा, खरं सांगा ना यार. बनेल का ते?"

मी म्हटलं, बनेल कदाचित. पण आज जे सांगताहेत ते बनणार नाही, दुसरंच काही बनेल, आणि ते कधी, ते सांगणाऱ्यांनाही ठाऊक नाही. तोवर तू दर वर्षी तेच जहाज लहान-मोठं करत बसशील. ती म्हणाली, तुम्ही पण तेच केलं, मग तुम्हाला बुरं वाटतं का? तिला 'पस्तावा' हा शब्द माहीत नव्हता, पण तिने विचारलं ते बरोबर त्याबद्दलच होतं.

मी खरोखर विचार केला. पस्तावा मला नाही. माझे दिवस आनंदात गेले. पण एक सल आहे, आणि तो मी तिला सांगितला. दोन पत्रे वेल्ड केले की उष्णतेने लोखंड वाकतं. किती वाकेल, कुठे ओढेल, हे बांधणाऱ्याच्या हाताला कळतं. मला ते कधी कळलं नाही, कारण माझ्या रेषा कधी गरम झाल्या नाहीत. मी तिला म्हणालो, "तू आधी लोखंड बघून ये. जिथे जहाजं खरोखर पाण्यात पडतात तिथे जा. कागद इथे कायम आहेत, ते कुठे पळून जात नाहीत."

खाली सोसायटीच्या गेटशी रद्दीवाला ओरडत होता. मला वाटलं, ती आता माझ्यावर चिडेल, आणि ती चिडून इथेच राहिली तर किती बरं होईल, असंही वाटलं.

"मग खोलीचं काय?" तिने विचारलं.

"खोलीला काय धाड भरलीय? ती आहे तिथेच राहील."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. एवढी मोठी मुलगी, पण लहानपणी टेकायची तसंच. मी मटार सोलत राहिलो, कारण हात थांबवले असते तर माझं काही खरं नव्हतं.

ती कोरियाला गेली. मुलीने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. मग फोन केला तो भांडायलाच. तुम्ही मोडता घालायलाच बसला होतात, म्हणाली, सगळ्यांचं सगळं जुळत आलं होतं. मी ऐकून घेतलं. तिचंही बरोबर होतं, तिची एकुलती एक मुलगी. शेवटी ती रडायला लागली आणि म्हणाली की निदान तुमच्याकडे असती तर रविवारी मेट्रोने येऊन भेटले असते. मी पिवळ्या पडद्यांचं तिला सांगितलं नाही.

नात दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. डोक्यावर हेल्मेटचा वळ असतो, मागे घणघण चाललेली असते. तिचं मराठी आता आणखी विनोदी झालं आहे, पण मी सुधारत नाही. तिथे एक जहाज पाण्यात उतरेस्तोवर दुसऱ्याचा सांगाडा उभा राहिलेला असतो. मागे एकदा तिने मला एक पत्रा दाखवला, वेल्डनंतर वाकलेला, आणि म्हणाली, "बघा आबा, एवढा खेचतो." बोटांनी तिने अंतर दाखवलं. मी म्हटलं, इतका? मला वाटलं होतं त्याहून फार जास्त होतं ते.

गेल्या महिन्यात तिने सांगितलं की तिथे तिला आवडतंय, काम खूप आहे, आणि ती करार वाढवणार आहे. इथे येऊन करायचं काय, असंही म्हणाली. सहज म्हणाली, मला लागावं म्हणून नाही. मी म्हटलं, बिल्कुल, वाढव. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिच्या खोलीत जाऊन बसलो.

परवा पार्कात आमची निवृत्तांची बैठक बसली होती. पेपरात पुन्हा नव्या विमानवाहू जहाजाची बातमी होती. या विषयावर माझं मत सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे सगळे माझ्याकडे वळले, आणि बँकेतले एक गृहस्थ आधीच हसत म्हणाले, "तो भाईसाहब, इस बार भी नहीं?"

मी म्हणालो, होईल. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग मी हातवारे करून बोलायला लागलो. एवढा मोठा समुद्र आहे आपल्याला, जहाजाशिवाय कसं चालेल, कारागीर आहेत, गोद्या आहेत, एक करून दाखवलंय, दुसरं का नाही, आणि उशीर कसला करताय, उद्याच घ्या म्हणावं बांधायला. जन्मभर ज्यांना हसत आलो त्यांचीच वाक्यं माझ्या तोंडून धडाधड बाहेर पडत होती, आणि त्यातला एक शब्दही मला पटलेला नव्हता. माझा आवाज चढला असावा, कारण चालणारे लोक थांबून बघायला लागले. बँकवाले गृहस्थ वरमले. म्हणाले, अच्छा, अच्छा, होगा, जरूर होगा.

त्यांना मी कारण सांगितलं नाही. ते जहाज खरोखर बांधायला घेतलं, तर लोखंड पाहिलेली माणसं लागतील. मग ती घरी येईल.